पाणी, गॅस आणि वाफ : घरात कोणत्या धातूचे पाइप कुठे घालावेत?

कौलारू

नमस्कार मंडळी. आमचे जुने घर दुरुस्तीला काढले आहे आणि भिंती फोडलेल्याच आहेत, तेव्हा सगळे पाइपही एकदाच बदलून घ्यावेत असे घरात ठरले. परवा न्हाणीघराच्या भिंतीतून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा हातभर तुकडा निघाला. बाहेरून तो इतका धड दिसत होता की टाकून देताना जीव हळहळला; पण करवतीने आडवा कापला, तेव्हा आत गंजाची पुटे एकावर एक चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले दिसले. नळाला धार का येत नाही म्हणून छपरावरची पत्र्याची टाकी आणखी उंच चढवण्याचा आमचा बेत होता, तो त्या क्षणी रद्द झाला.

आता प्रश्न असा. घरात तीन गोष्टी वाहून न्यायच्या आहेत : थंड आणि गरम पाणी, शेगडीचा गॅस, आणि बाष्पस्नानासाठी केलेल्या लहानशा खोलीपर्यंत वाफ. तीन जाणकारांना विचारले. पहिले म्हणाले की घरभर तांबे घाला, दुसरे म्हणाले की घरभर जाड लोखंड घाला, तिसरे म्हणाले की घरभर स्टेनलेस स्टील घाला. तिघांचे एकमत एवढ्यावरच आहे की घरभर धातू एकच असावा.

प्लॅस्टिकच्या पाइपांवर वेगळी चर्चा होऊ शकेल, या धाग्यात धातूंपुरतेच बोलावे ही विनंती. कोणत्या कामाला कोणता धातू घ्यावा, त्याची जाडी किती असावी आणि सांधा कसा करावा, हे अनुभवी सभासदांकडून समजून घ्यायचे आहे.

तांबडफुटी

माझे मत सरळ तांब्याच्या बाजूने आहे. तांब्याच्या आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि कालांतराने त्यावर जो पातळ थर बसतो तो लोखंडाच्या गंजासारखा फुगत जात नाही, त्यामुळे पाइपचे पोट वर्षानुवर्षे तेवढेच राहते. पाण्याचा प्रवाह व्यासाच्या साधारण २.६३ व्या घाताने बदलतो. म्हणजे १५ मिमीचे पोट गंजून १० मिमी झाले, तर तेवढ्याच दाबाखाली पाणी जवळपास एक तृतीयांशावर येते. आपल्या पेन्सिलीएवढ्या भोकाचे गणित यावरून करून पाहावे.

काम करून घेताना दोन गोष्टींवर मात्र उभे राहून लक्ष ठेवावे. पाइप कापल्यावर तोंडाच्या आत जी धारदार कड उरते, ती घासून काढलीच पाहिजे, कारण तिच्यामागे पाण्याचे भोवरे होतात आणि नेमका तेवढाच भाग पुढे झिजून फुटतो. झाळ धरावी म्हणून लावलेला फ्लक्स, म्हणजे धातू साफ करणारा लेपही, आत राहू देऊ नये. सांधे झाल्यावर पाइप भरपूर पाण्याने धुऊन घ्यावा. पाण्याचा वेग थंड पाइपात सेकंदाला २.४ मीटर आणि गरम पाइपात १.५ मीटर यांच्या आत राहील असा व्यास निवडला की तांबे मुकाट्याने काम करते.

चिमटा

तांब्याला गंज लागत नाही हे खरेच आहे; तांब्याला पाय फुटतात. घराबाहेरून दिसेल असा तुकडा भिंतीवर ठेवू नये, एवढीच पुस्ती जोडतो.

आटेदार

मी आयुष्यभर आटे पाडण्याचे काम केले आहे, म्हणून लोखंडाच्या बाजूने चार शब्द बोलतो. लोखंडी पाइप बदनाम होतो तो बहुतेक वेळा पातळ घेतल्यामुळे. अर्ध्या इंची पाइपची भिंत हलक्या प्रकारात सुमारे २ मिमी, मध्यम प्रकारात २.६ मिमी आणि जड प्रकारात ३.२ मिमी असते. त्यावर आटे पाडताना १.१६ मिमी खोल खाच जाते. आता वजाबाकी करावी : हलक्या पाइपात आट्याच्या तळाशी मिलिमीटरभरही धातू उरत नाही, आणि जो उरतो त्यावरचा जस्ताचा मुलामा आटे पाडणाऱ्या डायने खरवडून गेलेला असतो. पाइप सांध्यापाशीच का कुजतो याचे कारण एवढेच आहे. मध्यम पाइपवर निळा आणि जड पाइपवर लाल पट्टा असतो. तो पाहिल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये.

दुसरी गोष्ट मापाची आहे. ज्याला आपण अर्ध्या इंची लोखंडी पाइप म्हणतो त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, म्हणजे अर्धा इंच त्यात बाहेरून मोजला तर कुठेच सापडत नाही. उलट १५ मिमी म्हणून विकला जाणारा तांब्याचा पाइप बाहेरून बरोबर १५ मिमी भरतो, आणि त्याचे पोट त्याहून कमी असते. दोन धातूंची नुसती नावाची मापे जुळवून मागवणारे गृहस्थ मी पुष्कळ पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट आट्यांची. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या आट्यांच्या दोन्ही पद्धतींत अर्ध्या इंचाला इंचामागे १४ च आटे असतात, त्यामुळे एकाचा नळ दुसऱ्याच्या सॉकेटात बिनतक्रार बसतो. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश असल्याने तो सांधा कितीही टेप गुंडाळली तरी कधी ना कधी पाझरतोच. टेप पाइपच्या तोंडाकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे तिच्या चिंध्या आत जाऊन नळाच्या जाळीत अडकत नाहीत.

चिमटा

आटेदार, पूर्वी सफेदा लावून आट्यांवर धागा गुंडाळत असत. या धाग्यावरही कुणीतरी सफेदा लावून ठेवा, पुढे मतभेदांची गळती सुरू होणार अशी चिन्हे आहेत.

कसोटी

गळती मीच सुरू करतो. तांबडफुटी आणि आटेदार या दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, परंतु दोघांनीही पाण्याविषयी विचारले नाही. धातू निवडण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. निदान सामू (पाणी किती आम्ल ते सांगणारा पीएच) आणि क्लोराइड एवढे दोन आकडे हातात असावेत. पाणी आम्ल असेल तर ते तांबे हळूहळू खाते आणि भांड्याखाली निळसर हिरवे डाग दिसू लागतात. क्लोराइड जास्त असेल तर ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि पाणी ६० अंश सेल्सिअसच्या वर तापत असेल तर ताण असलेल्या जागी तडेही जाऊ शकतात. ३१६ प्रकारात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून तो खड्ड्यांना अधिक काळ दाद देत नाही. तरीही तो अमर नाही.

जस्ताच्या मुलाम्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. थंड पाण्यात जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. परंतु काही प्रकारच्या पाण्यात तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की दोघांच्या भूमिका बदलतात, जस्त जसेच्या तसे राहते आणि उघड्या पडलेल्या जागी लोखंडच झिजू लागते. म्हणून गरम पाण्याला मुलाम्याचा पाइप मी स्वतः घालणार नाही, मग त्यावर लाल पट्टा असो की निळा.

जुन्या पाइपला नवा जोडताना प्रवाहाची दिशा पाहावी. पाणी आधी तांब्यातून आणि मग जस्ताच्या पाइपातून गेले, तर तांब्याचे अतिसूक्ष्म कण पुढे जाऊन जस्तावर बसतात आणि तिथे भोके पाडतात. आधी जस्त आणि नंतर तांबे हा क्रम त्या मानाने सुरक्षित असतो, आणि त्या सांध्यातही दोन्ही धातू एकमेकांना थेट टेकू नयेत म्हणून मध्ये विद्युतरोधक युनियन (खोलता येणारा जोड) किंवा पितळी जोड घालावा.

पितळेचेही एक सांगून ठेवतो. जस्ताचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असलेल्या साध्या पितळेतून काही पाणी जस्त तेवढे काढून घेते आणि मागे गुलाबी, सच्छिद्र तांबे उरते. असा नळ पान्याने फिरवला की हातात तुकडाच येतो. भिंतीत गाडायचे जोड त्या दोषाला दाद न देणाऱ्या पितळेचेच मागावेत.

तांबडफुटी

कसोटी, प्रवाहाच्या क्रमाचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी सांगायला हवा होता. आम्ल पाण्याचा मुद्दाही मान्य. मात्र तेवढ्यावरून तांब्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

अवांतरकार

अवांतर : इंग्रजीत नळकाम करणाऱ्याला जो शब्द आहे, तो शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला आहे, कारण रोमन काळात हे काम मुख्यतः शिशाच्या पाइपांचे होते. गंमत म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या विट्रूवियस या रोमन स्थापत्यकाराने शिशाऐवजी भाजलेल्या मातीच्या नळ्या वापराव्यात, शिसे प्रकृतीला घातक असते, असे लिहून ठेवले होते. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळकामात शिशाचे पाइप आणि शिशाची झाळ यांवर बंदी घातली ती १९८६ साली.

कौलारू, घर जुने आहे म्हणता, तर आत येणारा पहिला तुकडा चुंबक लावून पाहा. चुंबक चिकटला तर लोखंड. चिकटला नाही आणि खिळ्याने सहज ओरखडा जाऊन आत चकचकीत रुपेरी रंग दिसला, तर ते बहुधा शिसे असेल; तो तुकडा सर्वांत आधी काढावा.

ज्वाला_निळी

गॅसविषयी अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पाण्याचा सांधा पाझरला तर भिंत ओली होते. गॅसचा पाझरला तर काही दिसत नाही, म्हणून इथे आधी सांध्यांची संख्या कमी करण्याचा विचार करावा आणि मग धातूचा. पाइप शक्यतो भिंतीच्या बाहेरून न्यावा. भिंत ओलांडायचीच असेल तेव्हा तो मोठ्या नळीतून न्यावा, म्हणजे चुन्या-सिमेंटचा स्पर्श होत नाही आणि गळती झालीच तर गॅस भिंतीच्या पोकळीत साठत नाही. युनियनसारखा सैल होऊ शकणारा जोड भिंतीआड कधीही गाडू नये.

धातूंमध्ये जाड लोखंडी पाइप हा जुना आणि खात्रीचा पर्याय आहे. मुलाम्याचा पाइप गॅसला चालत नाही, कारण जस्ताचे पापुद्रे सुटून शेगडीची तोंडे बंद होतात, असे पुष्कळ जण सांगतात. पण अनेक ठिकाणी तो रीतसर वापरला जातो, त्यामुळे ही भीती मला फुगवलेली वाटते. तांबेही चालते, पण गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडचा अंश जास्त असेल तर आत काळा थर धरून त्याच्या कपच्या पुढे जातात. शिवाय तांब्याचा सांधा साध्या कथलाच्या झाळीने करू नये. ती झाळ दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळते. घरात लहानशी आग लागली तरी सांधे सुटून गॅस त्याच आगीत ओतला जाईल. अमेरिकेच्या गॅस-संहितेत झाळेच्या धातूचा वितळणबिंदू ५३८ अंश सेल्सिअसहून अधिक असावा अशी अट आहे, ती याच कारणासाठी.

हल्ली दाबून बसवायचे सांधेही मिळतात. पाण्याचा आणि गॅसचा जोड बाहेरून अगदी सारखा दिसतो, परंतु आतली रबरी कडी वेगळी असते. पाण्याच्या जोडात काळी, तर गॅसच्या जोडात पिवळी. पाण्याच्या कडीचे रबर गॅसमधल्या हायड्रोकार्बनांनी फुगून खराब होते, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवणे ही काटकसर नव्हे.

आणखी एक. नवाकोरा लोखंडी पाइप गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या वासाच्या द्रव्याचा काही भाग सुरुवातीला शोषून घेतो, म्हणजे गळती असूनही वास मंद येऊ शकतो. पहिल्या दिवसांत नाकावर विसंबू नये. आधी हवेच्या दाबाने चाचणी घ्यावी आणि मग प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि कुणी काडी ओढून गळती शोधू लागला तर त्याला आधी घराबाहेर न्यावे.

उगीच_एक

काडी ओढून शोधली की गळती नक्की सापडते. शोधणारा मात्र सापडत नाही.

रेखाटन

ज्वाला_निळी यांच्या प्रतिसादाला जोडून विजेचे एक सांगतो. पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. असा पाइप काढून मध्ये दुसरा काही तुकडा घातला, किंवा कसोटी यांनी सांगितलेला विद्युतरोधक युनियन बसवला, की ते अर्थिंग कुणाच्या लक्षात न येता तुटते. काम सुरू होण्याआधी वीजतंत्रज्ञाला बोलावून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. गॅसच्या पाइपचा अर्थिंगची दांडी म्हणून उपयोग तर मुळीच करू नये.

शेजारचा_सल्ला

वाफेचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. वाफेला काळा लोखंडी पाइपच घालायचा असतो, मुलाम्याचाही नाही आणि तांब्याचाही नाही. कारखान्यांत सगळीकडे हेच दिसते.

बाष्पक

शेजारचा_सल्ला, आपण कारखान्यातले जे पाहिले ते खरे आहे, आणि नेमके तेच या घरात चुकीचे ठरेल. मी बॉयलरवर काम केलेला माणूस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाफ दोन प्रकारे वापरली जाते. एका प्रकारात ती बंद पाइपांतून जाते, उष्णता देऊन तिचे पाणी होते आणि ते पाणी बॉयलरकडे परत येते. तिथे दाब असतो; वातावरणाच्या वर १ बार दाब असला तरी वाफ १२० अंशांवर असते. तिथे काळा लोखंडी पाइप योग्य असतो. परत येणाऱ्या पाण्यात मात्र कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते आणि ते पाइपच्या तळाला चर पाडते, म्हणून परतीचा पाइप वाफेच्या पाइपहूनही जाड घेण्याची पद्धत आहे. १० मीटर लांबीचा लोखंडी पाइप ३० अंशांवरून १२० अंशांवर गेला की सुमारे ११ मिमी लांबतो. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर तो ती भिंतीतून काढून घेतो.

कौलारू यांच्या खोलीत वाफ उघडी सोडायची आहे. तिथे दाब जवळपास नसतोच, पण लोखंडी पाइप घातला तर प्रत्येक वापरानंतर तो आतून ओला राहून गंजतो, आणि पुढच्या वेळी तो गंज वाफेबरोबर खोलीत, फरशीवर आणि माणसाच्या अंगावर येतो. म्हणून बाष्पस्नानाच्या यंत्रापासून खोलीपर्यंत तांब्याचा किंवा पितळेचा पाइप सांगितला जातो; काळा आणि मुलाम्याचा दोन्ही वर्ज्य मानतात.

त्या पाइपात मध्ये झडप बसवू नये. कुणी ती चुकून बंद केली तर वाफेला जायला वाटच उरत नाही. पाइपला कुठेही झोळ पडू देऊ नये, एका दिशेला अखंड उतार असावा, आणि त्यावर उष्णतारोधक वेष्टन असावे. शंभर अंशांच्या एक किलो वाफेचे पाणी होताना २,२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, तर बर्फाइतके थंड पाणी उकळीपर्यंत नेण्यास किलोमागे सुमारे ४१९ किलोज्यूल पुरतात. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका का वाईट, ते यावरून कळावे.

झोळ पडलेल्या पाइपात काय होते ते मी उमेदवारीच्या काळात पाहिले. सांदीत पाणी साठले होते आणि आमच्यातल्या एकाने झडप झटकन उघडली. वाफेने ते पाणी ढकलत नेऊन कोपऱ्यावर आपटले. घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला आणि पाइप आधाराच्या दोन आकड्यांतून उडून खाली लोंबला. कुणाला लागले नाही. त्यानंतर झडप उघडताना माझा हात आपोआप सावकाश होतो, घरातल्या नळावरसुद्धा.

शेजारचा_सल्ला

उघड्या आणि बंद वाफेतला हा फरक माझ्या ध्यानात नव्हता. माझा सल्ला मागे घेतो. नाव मात्र बदलत नाही.

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण पाण्याची तपासणी करून घेतली. सामू ७.४ आणि क्लोराइड लिटरमागे ९० मिलिग्रॅम आले आहे. चुंबकही लावून पाहिला. शिसे कुठे नाही.

ठरवले आहे ते असे. थंड आणि गरम पाण्याला भिंतीतून तांबे, पुरते धुऊन आणि कड घासून. गॅसला लाल पट्ट्याचा लोखंडी पाइप, भिंतीबाहेरून, सांधे शक्य तितके कमी, आणि ते काम परवानाधारकाकडे दिले आहे. वाफेला तांबे, झडपेशिवाय, उतार देऊन. म्हणजे तिघांपैकी पहिले दोन सल्लागार थोडे थोडे बरोबर निघाले आणि ‘घरभर एकच’ हा शब्द तेवढा गळला. छपरावरच्या टाकीतून खाली येणारा मुलाम्याचा पाइप कापून पाहिला तेव्हा आतून चांगला निघाला, म्हणून तो ठेवतो आहे. प्रवाहात तो आधी आणि तांबे नंतर येते, त्यामुळे कसोटी यांचा नियमही पाळला जातो. मध्ये विद्युतरोधक युनियन घालणार आहे, तो उघडा राहील अशा जागी, आणि अर्थिंग आधीच वेगळे करून घेतले आहे.

कसोटी

पाण्याचे आकडे तांब्याला सोयीचे आहेत आणि आखणीही नेटकी आहे. फक्त एक विचारतो. पाणी तापवण्याच्या बंबातून वाफ आणि फुगलेले पाणी निघून जावे म्हणून जो उभा पाइप वर जातो, तो कुठे सोडला आहे?

कौलारू

छपरावरच्या टाकीतच. पूर्वीपासून तसाच आहे, फक्त आता तांब्याचा होईल.

कसोटी

मग तांब्यातून गेलेले गरम पाणी अधूनमधून त्या टाकीत पडणार, आणि तेच पाणी टाकीच्या पत्र्यातून आणि तुम्ही वाचवलेल्या पाइपातून पुन्हा खाली येणार. आपण काढलेला क्रम त्या उभ्या पाइपने उलटा होतो. टाकी कोणत्या पत्र्याची आहे?

कौलारू

जस्ताच्या. आत्ताच वर चढून पाहून आलो. उभ्या पाइपचे तोंड जिथे येते, त्याच्या बरोबर खाली तळाला जुने, बोटाएवढे ठिगळ आहे. कारागिराला उद्याचे काम थांबवायला सांगितले आहे. आधी टाकी बदलतो.